‘तुम्हाला काही होणार नाही’



जुलैमध्ये आमच्या मंडळीतल्या एका मावशींना आम्ही माती दिली. बेळगावचा पाऊस एकदा लागला की कसा लागतो, हे इथल्या लोकांना सांगायला नको. सकाळी खणून ठेवलेल्या कबरेत दुपारपर्यंत गुडघाभर तांबडे पाणी साचले होते. तरुण संघाची मुले बादल्यांनी पाणी उपसत होती, चौघांनी वर ताडपत्री धरली होती, आणि पाळकसाहेब भिजलेल्या पुस्तकातून आधी मराठीत, मग मावशींच्या शेजाऱ्यांसाठी कानडीत प्रार्थना वाचत होते. पेटी खाली सोडली तेव्हा तळाशी पाण्याचा आवाज झाला. मावशींच्या सुनेने डोळे मिटून घेतले. मीही मिटले.

घरी येऊन पायाची माती धुताना एक गोष्ट लक्षात आली. मावशींना निरोप देताना मनात दुःख होते, पण रुखरुख नव्हती. माझ्या स्वतःच्या वडिलांना निरोप देताना दुःखापेक्षा रुखरुख जास्त होती, आणि अकरा वर्षे झाली तरी ती पुरती गेलेली नाही. दोन मरणांमध्ये एवढा फरक का पडला, ते आज लिहायचे आहे. लिहू की नको, असे बरेच दिवस चालले होते, कारण यात माझी चूक आहे. पण भगिनी मंडळातर्फे आजाऱ्यांच्या भेटीला जाताना तीच चूक मी घरोघरी होताना पाहते, म्हणून लिहिते.

आप्पा शाळामास्तर होते. निवृत्तीनंतर रविवारी उपासनेची घंटा वाजवायचे काम त्यांनी आपणहून अंगावर घेतले होते. बहात्तराव्या वर्षी त्यांचे पोट दुखू लागले, अन्न जाईना, डोळे पिवळे झाले. तपासण्या झाल्या. स्वादुपिंडाचा कर्करोग निघाला, आणि तो यकृतापर्यंत पोचला होता. डॉक्टरांनी मला आणि माझ्या भावाला आत बोलावून सांगितले, आता काही महिन्यांचाच हिशोब आहे. बाहेर बाकावर आप्पा चष्मा पुसत बसले होते. आम्ही बाहेर आलो आणि म्हणालो, "आतड्याला सूज आहे, आप्पा. औषधाने उतरेल."

ती फाइल मी तांदळाच्या डब्यामागे लपवली. भेटीला येणाऱ्या प्रत्येकाला दारातच गाठून सांगायचे, "त्यांना ठाऊक नाही हं, काही बोलू नका." मंडळीची माणसे प्रेमाने येत. गाणी म्हणत, डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करत, आणि निघताना हमखास म्हणत, "मास्तर, तुम्हाला काही होणार नाही. विश्वास ठेवा." सगळ्यांत मोठ्याने मीच म्हणत असे. त्यालाच मी विश्वास समजत होते.

आप्पांनी दोनदा प्रयत्न केला. एकदा दुपारी मी पेज भरवत असताना म्हणाले, "माझ्या वेळी फार गाणी नकोत, एकच पुरे." मी चमचा खाली ठेवून रागावले, "असलं अभद्र काय बोलता?" दुसऱ्यांदा म्हणाले, "बाळ, काकाला एकदा बोलव." घराच्या वाटणीवरून आप्पा आणि काका यांच्यात नऊ वर्षे बोलणे नव्हते. काका खानापूरला राहत, तासाभराच्या वाटेवर. मला भीती वाटली. काका अचानक दारात दिसले तर आप्पांना कळेल, आपले दिवस भरले. म्हणून मी म्हटले, "बरे झालात की आपणच जाऊ खानापूरला." त्यांनी माझ्याकडे पाहिले. राग नव्हता त्या नजरेत. "बरं," एवढेच म्हणाले. त्यानंतर त्यांनी काही मागितले नाही. दिवसाचा बराच वेळ ते भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागले.

शेवटी धाप लागली तेव्हा आम्ही त्यांना अतिदक्षता विभागात नेले. डॉक्टरांनी विचारले होते, नळी घालून फारसे काही साधणार नाही, तरी घालायची का? आम्ही घाला म्हटले. यात दवाखान्याचा दोष नाही. निर्णय आमचा होता, आणि मरणाचे नावच घरात निघाले नसल्यामुळे दुसरा काही निर्णय करता येईल हे आम्हाला सुचलेही नाही. चार दिवस, सकाळ-संध्याकाळ दहा-दहा मिनिटे, अंगावर झगा आणि तोंडाला मास्क बांधून मी त्यांच्या कानाशी स्तोत्रे म्हटली. नळीमुळे त्यांना बोलता येत नव्हते. पाचव्या दिवशी पहाटे फोन आला.

काका मातीला आले. सगळे मूठमूठ माती टाकून बाजूला झाले, तरी ते मुठीत माती घेऊन उभेच होते. शेवटी मूठ न उघडताच ते माघारी वळले. जाताना मला म्हणाले, "कळवायचं होतंस गे."

आप्पांनी त्यांना बोलावले होते, हे मी तेव्हा सांगितले नाही. नंतरही नाही.

त्या दिवसांनंतर शास्त्र वाचताना मला पेत्र अडवू लागला. मत्तयाच्या 16 व्या अध्यायात येशू आपल्या शिष्यांना उघडपणे सांगू लागतो की आपल्याला यरुशलेमेस जायचे आहे, तिथे पुष्कळ सोसायचे आहे आणि मरायचे आहे. तिसऱ्या दिवशी उठवले जाण्याचेही तो सांगतो, पण पेत्राच्या कानात मरणाचाच शब्द राहतो. तो येशूला बाजूला घेतो आणि असले काही तुमच्या बाबतीत घडणारच नाही, असे बजावू लागतो. पेत्राचे येशूवर प्रेम होते यात शंका नाही. प्रेम होते म्हणूनच तो असे बोलला. पण त्याला जे उत्तर मिळाले ते आपण सगळे जाणतो. थोड्याच वचनांपूर्वी ज्याला येशूने खडक म्हटले होते, त्यालाच त्याने सैतान म्हणून मागे व्हायला सांगितले.

एवढे कठोर का बोलला असेल? पूर्वी मला याचे नवल वाटे. आता आप्पांची ती नजर आठवते आणि थोडेसे समजते. ज्याला जायचेच आहे, त्याला "तुम्हाला काही होणार नाही" असे आपण म्हणतो, तेव्हा त्याच्या मनातले सर्वांत मोठे ओझे बोलून दाखवायची वाट आपण बंद करतो. मग तो आपल्या मध्ये असून एकटा पडतो. आपण रोज उशाशी बसतो, औषध देतो, प्रार्थना करतो, आणि तरी तो एकटाच चालत राहतो.

येशूने स्वतःच्या मरणाला कसे तोंड दिले, हे सुवार्तांमध्ये ओळीने वाचून पाहा. त्याने मरणाचे बोलणे टाळले नाही. एकदाच बोलून थांबला असेही नाही, वाटेत पुन्हापुन्हा बोलला. शेवटच्या रात्री आपल्या माणसांबरोबर जेवला. गेथशेमाने बागेत आपला जीव किती कष्टी झाला आहे ते त्याने तिघांना सांगितले आणि जवळ जागे राहा, अशी विनंती केली. त्यांनी काही करावे असे त्याने मागितले नव्हते, फक्त जागे राहायचे होते. तेवढेही त्यांना जमले नाही. शक्य असेल तर हा प्याला टळावा, असे तो पित्यापुढे मोकळेपणाने बोलला. वधस्तंभावरून त्याने आपल्या आईची व्यवस्था लावली, तिला प्रिय शिष्याच्या हाती सोपवले. मारणाऱ्यांना क्षमा मागितली. आणि देवाने आपल्याला टाकले, असे वाटत असताना 22 व्या स्तोत्राचा आक्रोश त्याच्या तोंडी आला.

यात धैर्याचा आव कुठेच नाही. भीती आहे, रडणे आहे, आईची काळजी आहे, आणि हे सगळे पित्याशी बोलत बोलत आहे. लाजाराच्या कबरेपाशीही तसेच झाले. थोड्या वेळात आपण याला बाहेर बोलावणार आहोत हे येशूला ठाऊक होते, तरी मरीयेचे अश्रू पाहून त्याला रडू आले, असे योहान लिहितो. पुनरुत्थानावर विश्वास असणाऱ्याने रडू नये, असा नियम त्याने तरी पाळला नाही. पौलसुद्धा मरणाला मित्र म्हणत नाही. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या 15 व्या अध्यायात तो त्याला शत्रू म्हणतो, नष्ट व्हायचा राहिलेला शेवटचा शत्रू. शत्रू घरात आला आहे हे मान्य करायला विश्वासाची आडकाठी नाही.

कोणी विचारेल, मग बरे होण्यासाठी प्रार्थना करायचीच नाही का? करायची, जरूर करायची. हिज्कीया राजाची गोष्ट 2 राजे यातील 20 व्या अध्यायात आहे. यशया त्याच्याकडे येतो आणि तू वाचणार नाहीस, तेव्हा घराची निरवानिरव कर, असा देवाचा निरोप स्पष्ट शब्दांत देतो. हिज्कीया भिंतीकडे तोंड फिरवून रडत प्रार्थना करतो. देव ऐकतो, 15 वर्षे वाढवून देतो, आणि यशया गळवावर अंजिरांचा लेप लावायला सांगतो. सत्य, अश्रू, प्रार्थना आणि औषध, चारही गोष्टी एकाच अध्यायात आहेत. माझ्या आप्पांनीही भिंतीकडे तोंड फिरवले होते. पण हिज्कीयाला जे सांगायला यशया आला, ते आप्पांना सांगायला आम्ही कोणी गेलो नाही. त्यांनी भिंतीशी काय बोलणे केले ते त्यांना आणि देवाला ठाऊक.

आपल्या मराठी ख्रिस्ती लोकांत मरण समोर ठेवून कसे जगावे, याचा विचार करताना मला पंडिता रमाबाई आठवतात. दुष्काळात त्यांचे आईवडील गेले, नंतर भाऊ गेला, लग्नाला दोन वर्षे होतात न होतात तोच पती गेले. उरलेली एकुलती एक मुलगी मनोरमा. केडगावच्या मुक्ती मिशनचे काम आपल्यामागे तीच पाहील अशी आशा होती. तीही 1921 साली, चाळीस वर्षांची असताना गेली. रमाबाई तेव्हा त्रेसष्ट वर्षांच्या होत्या, कानांनी जवळजवळ बहिऱ्या, शरीराने थकलेल्या. मूळ इब्री आणि ग्रीक भाषांतून साध्या मराठीत पवित्र शास्त्र आणण्याचे त्यांचे काम तेव्हा संपत आले होते. ते त्यांनी सोडले नाही. त्यांच्या चरित्रांत सांगतात की, शेवटची प्रुफे तपासून होतील एवढेच, दहा दिवसांचे आयुष्य त्यांनी देवाजवळ मागितले, आणि काम हातावेगळे झाल्यावर 5 एप्रिल 1922 रोजी त्या प्रभूमध्ये निजल्या. आपल्याकडे दिवस थोडे आहेत हे त्यांना माहीत होते, म्हणून त्या दिवसांचे काय करायचे ते त्यांना ठरवता आले. आप्पांचेही काम राहिले होते. खानापूरला जायचे काम. त्यांचे ते दिवस मी लपवून ठेवले, फाइलीबरोबर तांदळाच्या डब्यामागे.

आता मावशींकडे येते. त्या दवाखान्यात तीस वर्षे आया होत्या. त्यांचा स्तनाचा कर्करोग एकदा बरा होऊन चार वर्षांनी परत आला होता, यावेळी हाडांत. पहिल्या भेटीत सवयीने माझ्या तोंडून निघाले, "मावशी, तुम्हाला काही..." त्यांनी माझे मनगट धरले. "तू डॉक्टरीण कधी झालीस गे?" म्हणाल्या आणि हसल्या. मग म्हणाल्या, "बस. मला बोलायचंय. माझ्या मुलाला ऐकवत नाही, तो उठून बाहेर जातो."

मी बसले. मला काय उत्तर द्यावे ते येत नव्हते, म्हणून गप्प राहिले, आणि तेच बरे झाले. ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले होते. तोवर ते चांगले मित्र होते. बोलायला लागले तेव्हा बिघडले.

मावशी म्हणाल्या, मरणाची नाही, दुखण्याची भीती वाटते. रात्री हाडे ठणकली की ओरडावेसे वाटते, पण नातवंडांची झोप मोडेल म्हणून पदर तोंडात धरते. देवासाठी सोसले पाहिजे, असे कोणीतरी त्यांना सांगितले होते. मी त्यांच्या मुलाला घेऊन डॉक्टरांकडे गेले. त्यांनी मॉर्फीनच्या गोळ्या लिहून दिल्या, किती वेळाने द्यायच्या ते सुनेला नीट समजावले, बद्धकोष्ठ होईल म्हणून त्याचेही औषध दिले. तिसऱ्या दिवशी मावशींनी बसून मासळीची आमटी आणि भात मागून खाल्ला. दुखणे कमी करणे म्हणजे विश्वास कमी करणे, असे कोणी म्हणत असेल तर त्याने तो भात खाताना त्यांचा चेहरा पाहायला हवा होता.

मग एकेक काम त्यांनी हातावेगळे केले. बांगड्या कोणाला, भांडी कोणाला ते सांगितले. दूधवाल्याचे बिल चुकते केले. एका संध्याकाळी सुनेला जवळ बसवून, मी समोर असतानाच म्हणाल्या, "तुझ्या पहिल्या वर्षी मी तुला फार छळलं. माझी चूक होती. मला माफ कर." सून घाबरून म्हणाली, "असं काय बोलता, आई?" मावशी म्हणाल्या, "असंच बोलतात. आता तू हो म्हण, नाहीतर मला परत दम घेऊन बोलायला लागेल." सून हो म्हणाली. दोघी रडल्या.

अतिदक्षता विभागात जायचे नाही, हे त्यांनी लेखी करून ठेवले. आपल्या देशात ही सोय आहे, हे पुष्कळांना माहीत नसते. 2018 साली सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली, 2023 मध्ये त्याची पद्धत सोपी केली, आणि त्या निकालाच्या अंमलबजावणीसाठी कर्नाटक सरकारने 2025 मध्ये आदेश काढला. शुद्धीत असताना, दोन साक्षीदारांसमोर सही करून, नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यापुढे तो कागद करायचा असतो. बरे होण्याची आशा उरली नसेल तेव्हा कोणते उपचार नकोत, आणि आपण बोलू शकलो नाही तर आपल्या वतीने कोणी ठरवायचे, हे त्यात लिहितात. इंजेक्शन देऊन मारा, असा त्याचा अर्थ नाही. तसे आपला कायदाही सांगत नाही आणि आपला विश्वासही. जाणाऱ्याला यंत्राने ओढून धरू नका, एवढाच अर्थ. साक्षीदार म्हणून मी आणि शेजारचे एक कानडी मास्तर यांनी सह्या केल्या. पाळकसाहेबांनी घरी येऊन प्रभुभोजन दिले. मावशी बरे होण्याची प्रार्थना शेवटपर्यंत करत होत्या. "मागायला पैसे पडत नाहीत," असे म्हणायच्या.

सगळे काही गोड झाले असे मी सांगणार नाही. एका रात्री मी जागरणाला होते. अडीचच्या सुमाराला त्या म्हणाल्या, "देव इथं नाही असं वाटतंय गे." माझ्या ओठांवर चार वचने आली. मी ती गिळली. त्यांचा हात धरून बसले. पुष्कळ वेळाने त्यांनी स्तोत्र वाचायला सांगितले. मी 23 वे काढू लागले तर म्हणाल्या, "ते नको, त्याच्या आधीचं." मी 22 वे वाचले, पहिल्यापासून शेवटपर्यंत. त्या ऐकता ऐकता झोपल्या. देवाने टाकले असे वाटणाऱ्याचे शब्दसुद्धा देवाच्याच पुस्तकात आहेत आणि प्रभूने ते स्वतः उच्चारले आहेत, हे मी त्या रात्री पहिल्यांदा खऱ्या अर्थाने वाचले.

आठ दिवसांनी, पहाटे, घरातच, सुनेच्या मांडीवर डोके असताना त्या गेल्या. चेहऱ्यावर तेज वगैरे आले नाही. दमलेल्या बाईचा चेहरा होता तो. मी आणि सुनेने त्यांना कोमट पाण्याने आंघोळ घातली. केस विंचरले. मॉर्फीन सुरू होण्याआधी पदर चावून चावून त्यांचा ओठ फाटला होता, त्याची खूण अजून होती. तिथे मी थोडे खोबरेल लावले.

मयताला आंघोळ घालायला अनेक भगिनी घाबरतात, म्हणून दोन शब्द. ख्रिस्ती लोकांची ही फार जुनी सेवा आहे. योसेफ आणि निकदेम यांनी प्रभूचे शरीर सुगंधी द्रव्यांसह तागाच्या वस्त्रांत गुंडाळले, आणि रविवारी पहाटे स्त्रिया कबरेकडे निघाल्या त्याही हातात सुगंधी द्रव्ये घेऊनच. तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात मोठी साथ आली, तेव्हा तिथला बिशप दिओनिसियस याने एका पत्रात लिहिले की, मंडळीतले लोक आजाऱ्यांची शुश्रूषा करत, गेलेल्यांचे डोळे मिटवत, त्यांना न्हाऊ घालत, आणि असे करता करता कित्येक स्वतः मेले. हे शरीर टाकून द्यायची वस्तू आहे असे आपण मानत नाही. देव ते उठवणार आहे असे मानतो. इंग्रजी लोक कबरस्तानाला सेमेटरी म्हणतात, तो शब्द ग्रीक आहे आणि त्याचा मूळ अर्थ निजायची जागा. निजणाऱ्याची तयारी आपल्या हाताने करून द्यायची, एवढे सोपे हे काम आहे.

मावशींना माती देऊन परतताना वाटेत शेतांत भाताची लावणी चालली होती. बायका गुडघाभर चिखलात वाकून रोपे खोचत होत्या. पेटी पाण्यात टेकल्याचा तो आवाज माझ्या कानांत होताच. पौलाने मरणाला पेरणीची उपमा दिली आहे, आणि पेरलेले जसेच्या तसे उगवत नाही, वेगळेच होऊन उगवते, असे म्हटले आहे. इतकी वर्षे ते वचन कबरेपाशी ऐकत आले. ओल्या मातीला भ्यायचे कारण नाही, हे त्या दिवशी मनाला पटले. डोळ्यांत पाणी होतेच, पण पटले.

भेटीला जाणाऱ्या भावाबहिणींनो, तुम्हाला तीन विनंत्या आहेत. आजाऱ्याला आधी विचारा, "तुम्हाला काय वाटतं?" आणि उत्तर येईपर्यंत गप्प राहा. त्याला ऐकायचे नसेल तर लादू नका, पण त्याला बोलायचे असेल तर विषय बदलू नका. दुसरे, विश्वास कमी पडला म्हणून आजार हटत नाही, असे कोणत्याही आजाऱ्याला कधीही म्हणू नका. बिछान्यावरच्या माणसाच्या छातीवर तो दगड ठेवू नका. तिसरे, तो कोणाला बोलवायला सांगत असेल तर त्याच दिवशी बोलवा.

या तिसऱ्या विनंतीपाशी माझी लेखणी अडली. म्हणून मागच्या शनिवारी मी खानापूरला गेले.

काका आता ऐंशीच्या घरात आहेत. मी त्यांच्या समोर खाली बसले आणि म्हटले, "काका, आप्पांनी तुम्हाला बोलवायला सांगितलं होतं. मी बोलावलं नाही. अकरा वर्षं तुम्हाला हे सांगितलं नाही." ते बराच वेळ अंगणातल्या पावसाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "काय म्हणाला? त्याचेच शब्द सांग." मी सांगितले, "बाळ, काकाला एकदा बोलव." त्यांनी ते मला पुन्हा एकदा म्हणायला लावले. मग तिसऱ्यांदा.

माफ केले असे ते म्हणाले नाहीत. मीही विचारले नाही. काकूंनी चहा आणला, तो आम्ही प्यालो. निघताना दारापर्यंत आले आणि म्हणाले, "पाऊस कमी झाला की मला त्याच्याकडे घेऊन चल. माझी माती टाकायची राहिली आहे."

हे प्रभू, कबरेपाशी तू रडलास आणि कबरेतून तू उठलास. जे आज अंथरुणाला खिळून आहेत त्यांच्याजवळ जागे राहायला आम्हाला शिकव. खरे बोलण्याचे धैर्य दे, आणि बोलायचे नसेल तेव्हा गप्प बसण्याचे. ज्यांचे कोणाशी बोलणे राहिले आहे त्यांना वेळ दे, आणि तो वेळ आमच्या हातून लपवला जाऊ देऊ नको. आमची वेळ येईल तेव्हा आमचा हात धर. येशूच्या नावाने मागतो. आमेन.